काळ्या मातीचे रस्ते

नागपूरहून दक्षिणेस हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सुमारे साठ किलोमीटरांच्या अंतरावर, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम नावाचे जे गाव लागते, ते बहुसंख्य प्रवाशांस गाव म्हणून नव्हे, तर चौरस्ता म्हणून ठाऊक आहे. चंद्रपूरचा रस्ता येथून वरोरा-भद्रावतीच्या रोखाने फुटतो, हिंगणघाटचा सरळ पुढे जातो, आणि समुद्रपूरवरून गिरडकडे जाणारी वाट पूर्वेला वळते; या तिन्ही दिशांची माणसे येथे गाड्या बदलतात, उभ्याउभ्या तर्री-पोहे खातात, चहा घेतात, आणि पुन्हा आपापल्या आसनावर जाऊन डोळे मिटतात. या प्रकरणाचा विषय हा प्रवासी नव्हे. जो जामच्या फाट्यावर डोळे मिटण्याऐवजी महामार्गच सोडून देतो, आणि भर उन्हाळ्यात, ज्या ऋतूत विदर्भात शहाणा मनुष्य घराबाहेर पडत नाही त्याच ऋतूत, आडरस्त्याने गावोगाव हिंडावयाचे ठरवतो, त्याच्यासाठी पुढील मजकूर आहे.

अमेरिकेत अशा हिंडण्याची चांगलीच परंपरा आहे. 1926 साली शिकागोपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत आखलेला ‘रूट 66’ हा रस्ता एकेकाळी गावोगावच्या चौकांतून जात असे. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले तेव्हा ती गावे बाजूला पडली, आणि 1985 साली तो रस्ताही अधिकृत यादीतून वगळण्यात आला. पण रस्ता यादीतून गेल्यावर त्याचे चाहते मात्र वाढले. उन्हाळ्याच्या सुटीत मोटार काढून कॅन्सस, आयोवा, नेब्रास्का या प्रांतांतील दुय्यम-तिय्यम रस्त्यांनी शेते आणि खेडी पाहत जावयाचे, हा तेथील सुखवस्तू कुटुंबांचा एक प्रघातच होऊन बसला. आपल्याकडे तीर्थयात्रेस जाणाऱ्यांची संख्या अगणित असली, तरी केवळ रस्त्यासाठी रस्ता धरणारे थोडे. आणि जे धरतात तेही घाटांकडे, किनाऱ्याकडे किंवा हिमालयाकडे वळतात. वर्ध्याच्या सपाट, काळ्या, कापसाच्या मुलखात कोणी हौसेने रस्ते पाहावयास जात नाही. हे मला उपेक्षेपेक्षा अज्ञानाचे लक्षण वाटते, कारण भारतातील रस्त्यांची व्यवस्था समजून घ्यावयाची तर जामइतके सोयीचे ठिकाण सहसा सापडणार नाही.

त्याचे पहिले कारण नागपूरचे सान्निध्य. 1927 साली हिंदुस्थान सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकासाची एक समिती नेमली. रस्ते ही केवळ प्रांतिक सरकारांची व स्थानिक मंडळांची बाब न राहता तिच्यासाठी मध्यवर्ती निधी असावा, आणि तो पेट्रोलवरील जादा करातून उभा राहावा, ही कल्पना या समितीची. तीतूनच पुढे 1929 चा मध्यवर्ती रस्ते निधी आणि 1934 ची इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 च्या डिसेंबरात, देशातील सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा जो आराखडा तयार केला, तो ‘नागपूर योजना’ या नावाने प्रसिद्ध आहे. प्रत्येक 100 चौरस किलोमीटर क्षेत्रामागे 16 किलोमीटर रस्ता असावा, आणि चांगल्या पिकाऊ प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे तिचे उद्दिष्ट. परंतु तिचा टिकाऊ वारसा म्हणजे तिने केलेले रस्त्यांचे वर्गीकरण होय. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही जी उतरंड त्या बैठकीने घालून दिली, तीच आजही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशा संक्षेपांनी नांदते आहे.

आडरस्त्याच्या प्रवाशाने ही उतरंड पाठ करून ठेवावी, कारण ती रस्त्याच्या कडेलाच रंगवलेली असते. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, आणि नारिंगी असेल तर तो 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील खेड्याचा रस्ता. जामच्या पिवळ्या दगडावर पूर्वी 7 हा अंक असे. वाराणसी ते कन्याकुमारी असा तो देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. 2010 च्या नव्या क्रमवारीत त्याचा येथील भाग श्रीनगर-कन्याकुमारी या 44 क्रमांकाच्या महामार्गात सामावला गेला. पिवळा दगड मागे टाकून हिरव्याकडे, हिरवा टाकून नारिंगीकडे, आणि शेवटी जेथे दगडच नाही अशा वाटेकडे जो जाईल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट हळूहळू येईल, आणि तीच या प्रकरणाचे मुख्य प्रमेय आहे : दप्तरातील श्रेणी जितकी खालची, तितके रस्त्याचे वय बहुधा अधिक. महामार्ग डोळ्यांदेखत रुंद झाला, राज्यमार्ग आजोबांच्या आठवणीत डांबरी झाला. पण गावातून शिवारात आणि शिवारातून शेजारच्या मौजाच्या शिवेपर्यंत जाणारी जी मातीची वाट, जिला वऱ्हाड-नागपुरात पांदण म्हणतात, ती कोणी बांधली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ती कोणी बांधलेलीच नाही.

पांदणीचा स्वभाव समजण्यासाठी मातीचा स्वभाव समजणे अगत्याचे आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याचा कातळ झिजून वर्ध्याची काळी माती झाली. या मातीतील चिकणद्रव्य पाणी मिळताच फुगते आणि पाणी गेल्यावर आकसते; म्हणून पावसाळ्यात तिच्यात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतावा आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडाव्यात, हे दोन्ही एकाच गुणाचे परिणाम. मुरुमाच्या किंवा वाळूच्या मुलखात रस्ता बारमाही असतो. काळ्या मातीच्या मुलखात, जोपर्यंत खडी आणि मुरूम बाहेरून आणून दाबला जात नाही तोपर्यंत, तो ऋतुमानाचा दास असतो. मृगापासून दिवाळीपर्यंत पांदण ही वाट नसून ओढा असते. कापसाचे पहिले वेचे निघतात तेव्हा ती वाळू लागते, आणि होळीनंतर तिची माती अशी कठीण होते की तिच्यावरून गाडी खडखडत जावी. म्हणून या प्रदेशात प्रवासाचा ऋतू उन्हाळा हाच होता. लग्ने उन्हाळ्यात, सोयरिकीच्या भेटी उन्हाळ्यात, शेणखताच्या गाड्या उन्हाळ्यात. ऊन असूनही नव्हे, तर ऊन आहे म्हणूनच वाट आहे, असा हा हिशेब होता.

त्या हिशेबाची वाहनेही वेगळी. ओझ्यासाठी बंडी, चारचौघांत मिरवण्यासाठी दमणी, आणि एकट्यादुकट्याने झपाट्याने जाण्यासाठी रेंगी. रबरी टायरांची ‘डनलॉप’ पुष्कळ नंतरची. या गाड्यांना जुंपला जाणारा गवळाऊ बैल हा वर्धा जिल्ह्याच्या, विशेषतः आर्वी-कारंजाच्या बाजूचा, पांढरा, सडपातळ आणि दुडक्या चालीचा. मराठ्यांच्या फौजांनी जलद कूच करण्यासाठी ही जात जोपासली असे परंपरेने सांगितले जाते, आणि शंकरपटात पळणारे बैल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यात अशक्य काही वाटणार नाही. गाडीच्या अरुंद लोखंडी धावेने मात्र रस्त्याचे फार नुकसान केले. डांबरी सडकेच्या खडीचा ती चुरा करी, आणि मातीत ती चाकोरी इतकी खोल पाडी की एकदा चाक तीत पडले म्हणजे समोरून दुसरी गाडी येईपर्यंत गाडीवानाने झोप काढावी.

याच चाकोऱ्यांचा संबंध अमेरिकेशी एकदा फार निकटचा आला होता. 1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रजी व्यापाऱ्यांची दृष्टी हिंगणघाटच्या कापसाकडे वळली, जो आपल्या तलम धाग्यासाठी आधीपासूनच नावाजलेला होता. 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा तोडण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठा येथे होते, ते 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हलवून नदीवरून त्यास वर्धा हे नाव देण्यात आले. आणि 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली. पांदणीतून बंडी, बंडीतून बाजार, बाजारातून आगगाडी आणि आगगाडीतून बोट अशी ती साखळी होती, आणि तिची सर्वांत अशक्त कडी अर्थातच पहिली. युद्ध संपले, भाव कोसळले, परंतु अमेरिकेने आपला कापूस पुढे या शिवारात पाठवलाच : आज जामच्या भोवती जो संकरित आणि 2002 नंतरचा बीटी कापूस उभा असतो तो मुळात अमेरिकी जातीचा आहे, आणि ज्या देशी वाणाने हिंगणघाटचे नाव विलायतेत केले तो आता हौशी शेतकऱ्याकडे शोधावा लागतो.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र दोन देशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 1785 च्या जमीनविषयक वटहुकुमाने अमेरिकेने आपल्या पश्चिमेकडील भूमीवर, तेथे आपली वसाहत होण्यापूर्वीच, चौकटी आखून टाकल्या. सहा मैल लांब-रुंद असा एक परगणा, त्याचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा म्हणजे 640 एकरांचा. तेथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या वाटा या आखणीत कोणी विचारातच घेतल्या नाहीत. ती कैफियत निराळी आणि दुःखद आहे. मागाहून आलेल्या शेतकऱ्यांनी तुकड्यांच्या हद्दींवरून रस्ते केले, आणि म्हणून कॅन्ससमधील आडरस्ता मैलामैलावर काटकोनात छेदला जातो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ येत जातात, आणि चौकट चौकट राहत नाही. यावर भूमापकांनी तोड काढली ती अशी की ठरावीक अंतरावर, पुष्कळ ठिकाणी 24 मैलांवर, एक दुरुस्तीची रेषा धरून मोजणी नव्याने सुरू करावयाची. परिणाम असा, की मैलोगणती नाकासमोर जाणारा रस्ता मध्येच, नदी नाही, टेकडी नाही, गाव नाही, अशा ठिकाणी एकाएकी बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. तो पृथ्वीच्या वक्रतेला वळसा घालीत असतो.

ती वक्रता आपल्या देशात ज्याने प्रथम काटेकोरपणे मोजावयास घेतली, तो मनुष्य जामपासून पंधरा-एक किलोमीटरवर चिरनिद्रा घेत आहे, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून जे काम आरंभले, त्यास 1818 पासून ‘ग्रेट ट्रिगॉनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणू लागले. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट देवळांच्या गोपुरांवर आणि डोंगरमाथ्यांवर चढवीत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत, तो कन्याकुमारीपासून उत्तरेकडे वीस वर्षे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असता, सत्तरीच्या आसपासच्या वयात, 20 जानेवारी 1823 रोजी त्यास हिंगणघाट येथे मृत्यू आला, आणि तेथेच त्यास पुरण्यात आले. त्याच्या हाताखालील जॉर्ज एव्हरेस्ट याने ती रेषा पुढे हिमालयाच्या पायथ्याशी नेली व मागाहून जगातील सर्वोच्च शिखरास त्याचे नाव देण्यात आले. लॅम्बटनच्या वाट्यास तशी कीर्ती आली नाही. हिंगणघाटला वणा नदीच्या काठी आलेल्या प्रवाशाने त्या थडग्याची चौकशी अवश्य करावी. पृथ्वीच्या आकाराचा शोध घेणारी त्याची रेषा या मुलखावरून गेली, पण तिच्यामुळे एकही पांदण सरळ झाली नाही. वर्ध्यातील वाट वळते ती नाल्यासाठी, चिंचेसाठी, मारुतीच्या पारासाठी, किंवा ज्याचे नावही उरले नाही अशा कोण्या पाटलाच्या हट्टासाठी. अमेरिकेत आधी रेघ, मग रस्ता, मग गाव. येथे आधी गाव, मग वाट, आणि सर्वांत शेवटी मोजणीची साखळी.

ती साखळी आली तेव्हा वाटांचे काय झाले हे पाहण्यासाठी महसुलाच्या कागदांत डोकावले पाहिजे. मध्यप्रांतात जमिनीची मालकी मालगुजाराकडे असे. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तऐवजात नोंदवले गेले. गुरे कोठून पाण्यावर न्यावयाची, कोणाच्या शेतातून गाडी जाऊ द्यावयाची, स्मशानाची वाट कोणती, हे सारे त्यात असे. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, 1956 मध्ये हा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, तरीही वाजिब-उल-अर्ज आणि त्याच्या जोडीचे, गावच्या पडीक जमिनीच्या वापराविषयीचे निस्तारपत्रक हे दोन्ही कागद 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात आपापली कलमे राखून आहेत. पांदणीचा तंटा तहसीलदारापुढे गेला म्हणजे हे कागद निघतात, मोक्यावर पाहणी होते, पंचनामा होतो. तंटा मात्र बहुधा एकाच जातीचा असतो : धुऱ्याला लागून नांगर चालवणारा दर वर्षी एक तास आत घेतो, पलीकडचाही घेतो, आणि दोन बंड्या समोरासमोरून जातील एवढी वाट एका पिढीत माणूस आडवा चालेल एवढी उरते. कलम 143 अन्वये शेतात जाण्यास बांधावरून रस्ता मागता येतो, आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. पण हुकूम आणि वाट यांच्यामध्ये पुन्हा एक पावसाळा येतो.

शहरातून आलेल्या हौशी प्रवाशास पांदण रमणीय वाटते, आणि ती वाटावीही. दोन्ही बाजूंच्या बाभळी-निंबांची सावली, धूळ, होल्यांचे घुमणे, हे महामार्गावर मिळत नाही. मात्र जिच्या रमणीयतेवर तो लुब्ध झाला त्या वाटेवरून भाद्रपदात आजारी माणसास बाजेवर घालून न्यावे लागले आहे, हेही त्याने विसरू नये. 2021 मध्ये राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, रोजगार हमीच्या मजुरीतून ते मजबूत करण्याचे ठरवले. ज्या पांदणीवर मुरूम पडला तेथील शेतकऱ्यास तिच्या प्राचीनतेचे काडीचेही दुःख झालेले मी पाहिले नाही. उत्तरेला सेलूजवळून 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याच्या दोन्ही अंगांस कुंपण असून बंडीस त्यावर मज्जाव आहे. मुंबईस लवकर पोहोचावयाचे असेल तर त्यासारखा रस्ता नाही, आणि वर्धा जिल्हा पाहावयाचा असेल तर त्याहून निरुपयोगी रस्ताही नाही.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी थोडेसे. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि जामचा मे महिना नागपूरहून फारसा सौम्य नसतो. तेव्हा निघावे ते झुंजुमुंजू असताना, आणि दहा-अकराच्या सुमारास कोठल्या तरी पारावर, देवळाच्या सभामंडपात किंवा ओळखीच्या ओसरीवर पडाव टाकावा. डोक्याकानांस दुपट्टा गुंडाळलेला असावा, पाण्याचा हिशेब उदारपणे करावा, आणि चार वाजेपर्यंत गाडीचे नाव काढू नये. खेड्यात कोणी “काय जी, कोण्या गावचे?” असे विचारले तर त्यात चौकसपणा असला तरी संशय नसतो, आपले गाव, आडनाव आणि येण्याचे कारण सांगून टाकले की रांजणातले पाणी आणि पुढच्या वाटेची माहिती एकाच वेळी मिळते. ही माहिती घेताना अंतर विचारू नये, नाला उतरता येईल का एवढेच विचारावे.

पायी जाणाऱ्यांत या मुलखाने एक असामान्य प्रवासी पाहिला आहे. जामहून फार दूर नसलेल्या पवनार येथे धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबा भावे 1938 पासून राहत होते. 1951 च्या मार्चमध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास रेल्वेने न जाता ते पायी दक्षिणेकडे निघाले, म्हणजे नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर. संमेलनानंतर ते तेलंगणात हिंडत असता 18 एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी त्यांना भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली, आणि त्या चालण्यास जे वळण लागले ते 1964 मध्ये पवनारास परतेपर्यंत सुटले नाही. तत्त्वचर्चा बाजूला ठेवून केवळ प्रवासाच्या दृष्टीने पाहिले, तरी खेडे समजण्यासाठी खेड्याच्या वेगानेच चालले पाहिजे ही गोष्ट त्यांनी जितकी आचरून दाखवली तितकी दुसऱ्या कोणी दाखवली नसेल.

जामहून समुद्रपूर आणि समुद्रपूरहून गिरड ही वाट मी प्रथमच निघणाऱ्यास सुचवीन. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे. संतांची कबर पंजाबात पाकपट्टण येथे असली तरी ते या टेकडीवर येऊन राहिले होते अशी इकडची श्रद्धा असून, हिंदू-मुसलमान दोघेही तेथे नवस बोलतात. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोलसर खडे विखुरलेले आढळतात. दोन व्यापाऱ्यांनी फकिराची टवाळी केली आणि त्यांच्या गोणीतील सारा माल दगड झाला, ही कथा ब्रिटिश गॅझेटियरकारांनीही नोंदवून ठेवली आहे. भूगर्भशास्त्र निराळे सांगते : लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साठत गेली, आणि भोवतालचा कातळ झिजून माती झाल्यावर हे कठीण दाणे तेवढे मागे राहिले. म्हणजे गाडीचे चाक जीत रुतते ती काळी माती, रस्त्यावर पडतो तो मुरूम आणि भाविक जपून नेतात ते खडे, हे तिघेही एकाच कातळाचे वारस.

या कातळाची पूर्वेकडील कड आता दूर नाही. गिरडहून पुढे चिमूरकडे निघाले की ज्वारी-कापसाची सलग शेते तुटू लागतात, साग-मोहाचे रान जवळ येते, मातीचा रंग पालटतो, आणि झाडीपट्टीच्या धानाच्या बांध्या सुरू होतात. तेथे वाट शेताच्या मधून जात नाही, बांधीच्या पाळीवरून जाते. पावसाळ्यात शेतात पाणी साठवावयाचेच असल्याने तेथील शेतकऱ्याने पाण्याला जागा आधी दिली आणि पायवाटेला नंतर. जामच्या पांदणीत जी चाकोरी इतकी खोल होती, तिचा तेथे मागमूस लागत नाही.